दैवशालाबाईंनी अडवलेली पावडर

“ताई, तू नुसती डबी हातात धर. फोटोचं मी बघतो,” राधेश्याम मोबाइल रोखून म्हणाला. “खाली लिहीन, डॉक्टर दैवशालाताईंची पसंत.”

दैवशालाबाईंनी चुलतभावाच्या हातून गुडघेदुखीच्या पावडरीची डबी घेतली, झाकण उघडून वास घेतला आणि डबी सरळ पर्समध्ये टाकली.

तीर्थपुरीत त्यांच्या डॉक्टरकीचा हिशेब कुणालाच लागला नव्हता. सेंद्रिय रसायनशास्त्रात डॉक्टरेट, हैदराबादच्या औषध कंपनीत उभी हयात, आणि मेडिकलवर मागायला जावं तर बाईंची म्हणावी अशी एक गोळी नाही! अर्धी नोकरी नवे रेणू बनवण्यात गेली, उरलेली दुसऱ्यांचे रेणू अडवण्यात. त्यांतला एक तर त्यांचा स्वतःचाच. लेकरासारखा वाढवलेला, पण उंदरांची यकृतं बिघडवू लागला, तेव्हा ‘थांबवा’ हा शेरा बाईंनीच मारला. साहेब महिनाभर बोलला नाही. बाई मात्र त्या दिवशीही डबा पुसून खाऊन घरी गेल्या. दुकानात न आलेल्या गोळ्या हीच आपली जमा, असं त्या मानत. गावाला ती बाजू दिसत नसे, तर न दिसो.

“माय, रोज एकच चमचा घेतीस का?” बाईंनी आईला विचारलं.

“दुखलं की दोन. आता भिंत न्हाई धरावी लागत, बघ!” आईने, द्वारकाबाईंनी, ओसरीवर फेरी मारून दाखवली. “आख्खं गाव विचारून राह्यलंय, म्हातारी काय खाती म्हणून.”

गुडघ्यांच्या पावडरीची अशी चालती जाहिरात घरातच मिळाल्याने राधेश्याम खूश होता. बाईंना मात्र आईचा चेहरा दिसत होता: पुरीसारखा फुगलेला. हातांवर जांभळे डाग. मागच्या खेपेला त्यांनी वेगवेगळ्या डब्यांतली चमचा-चमचा पावडर पुड्यांत नेऊन आपल्या जुन्या प्रयोगशाळेत तपासून घेतली होती.

“राधे, ह्याच्यात स्टिरॉइड आहे. दर चमच्यात कमीजास्त, पण आहे.”

“काय बोलून राह्यली ताई! बिलकुल झाडपाला हाय. बाहेरून तयार पोतं येतं, मी डब्या भरतो. माझी माय बी खाती की!”

ते खरं होतं. खोटं बोलण्याइतका राधेश्याम हुशार नव्हता आणि पोत्यात काय आहे हे विचारण्याइतकाही नव्हता.

“मंग जहरच की!” द्वारकाबाईंनी कोनाड्यातली बरणी उचलली आणि उकिरड्याकडे निघाल्या. “आजपासून चिमटीभर न्हाई घेणार.”

बाई पहिल्यांदाच घाबरल्या. “माय, थांब! एकदम बंद नाही करायचं.”

“म्हंजे घ्यायचंच!” राधेश्यामने टाळी वाजवली. “ऐकलं का काकू?”

“तू गप रे. माय, ही पावडर जे देती ते शरीर स्वतः बनवत असतं. बाहेरून आयतं मिळालं, म्हणून आतला कारखाना झोपलाय. हळूहळू उठवावा लागतो, न्हाईतर माणूस जातं. आताच जालन्याला जायचं. डॉक्टर मोजून गोळ्या देतील, मंग महिन्या-महिन्यानं कमी करायच्या. राधे, तुझ्या मायला पण गाडीत बसव.”

“आन् गिऱ्हाइकं?”

“घरोघर जाऊन हेच सांग. एकदम सोडू नका, आजच डॉक्टरकडं चला. पोतंवाल्याची तक्रार मी औषध खात्याकडं दिलीय. तुझं नाव घातलं न्हाई. ते तू आपल्या तोंडानं सांगशील.”

“धंदा बसल ना ताई!”

“बसू दे.”

तो आईला आणायला गेला. पावलं आपटत, पण गेला.

“आन् माझे गुडघे?” द्वारकाबाईंनी विचारलं.

“दुखतील.”

“किती?”

“पहिल्यासारखे, माय.”

“मंग तुझ्या एवढ्या शिकण्याचा मला काय फायदा झाला?”

“तू राहशील.”

द्वारकाबाई लुगडं बदलायला आत गेल्या.

दिवाळीनंतर चेहऱ्यावरची सूज उतरली आणि जुनी द्वारकाबाई दिसू लागली. एका बाजारच्या दिवशी रिक्षा नको म्हणत ती लेकीबरोबर निघाली आणि वळणावरच्या सिमेंटच्या पाइपावर बसली. मागून शेजारची नंदाबाई आली.

“काय काकू, दमलात?”

“छट्! ऊन खाऊन राह्यले. तू व्हय म्होरं, आलेच मी.”

नंदाबाई वळणाआड गेली तरी द्वारकाबाई उठली नाही. दैवशालाबाई जवळ उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला नाही. थोड्या वेळाने म्हातारीने दोन्ही हातांनी आपला गुडघा उचलून बाजूला ठेवला, जराशी सरकली आणि लेकीला बसायला जागा करून दिली.