दहा शिट्ट्यांचं पाणी

कुकरची आठवी शिट्टी झाली तशी थोरलीनं, घरातल्या थोरल्या सुनेनं, अंगठा बोटाच्या पुढच्या पेरावर सरकवला. दहा व्हायच्या होत्या. कुकरात स्वयंपाकाचं काहीच नव्हतं. बोटाएवढ्या चोवीस काचेच्या बाटल्या पाण्यानं भरून उभ्या होत्या. शेजारच्या पातेल्यात रबराची बुचं उकळत होती. ती फडक्यावर पसरायची, एकेक फुंकून वाळवायची आणि अंगठ्यानं दाबून बसवायची. रोजचं काम होतं ते.

‘तिच्या घरात माशीसुद्धा पाय पुसून येते,’ अशी गल्लीत तिची ख्याती. तिच्या दिरानं नेमकं तेच हेरलं. दीर दवाखान्यात कंपाउंडर, पण गल्ली त्याला डॉक्टरच म्हणायची. संध्याकाळी पिशवी घेऊन तो घरोघरी सुया टोचत फिरायचा.

“वहिनी, जखमा धुवायला पाणी लागतं,” तो म्हणाला होता. “तुमच्याइतका स्वच्छ हात दवाखान्यातसुद्धा नाही.”

“धुवायलाच ना, भाऊजी?”

“नाहीतर काय, प्यायला?”

सगळे हसले. तीही हसली. घरातल्या बाईच्या वाट्याला कौतुक इतकं कमी येतं, की आलं की ती पुढचं विचारायचं विसरते. आपली घरं हे चांगलं ओळखून असतात. म्हणूनच ती कौतुक राखून ठेवतात आणि काम काढायचं असलं की वाटतात.

त्या दिवशी बुचं बसवून बाटल्या निवायला ठेवल्या आणि ती इस्त्रीवाल्या मावशींकडे गेली. मावशींची टपरी तीन दिवस बंद होती. मावशी खाटेवर होत्या. उजवा दंड कोपरापर्यंत लाल, टम्म सुजलेला; अंगात भट्टीसारखा ताप.

“तुझ्या दिरानं खोकल्याची सुई दिली गं. बाटलीतल्या भुकटीत पाणी घातलं, हलवलं, टोचलं. हा हात गेला तर इस्त्री काय दातांनी धरू?”

तशातही मावशी हसायला बघत होत्या. थोरलीचं मात्र लक्ष खिडकीकडे गेलं होतं. तिथं एक रिकामी बाटली होती. बुडाला टवका उडालेली. ती कलंडू नये म्हणून थोरली स्वतः तिला कुकरात मधोमध ठेवायची. तिच्यावर आता कागद चिकटवला होता. हिरवी अक्षरं: ‘इंजेक्शनसाठी निर्जंतुक पाणी’.

तो हिरवा रंगही तिच्या ओळखीचा होता. छापखान्यात कामाला असलेल्या तिच्या नवऱ्यानं गेल्याच आठवड्यात तो रॉकेलनं घासून नखांतून काढला होता. “कसली शाई हो?” तिनं विचारलं होतं. “कसली तरी जाहिरात,” तो म्हणाला होता.

मावशींच्या मुलाला तिनं हाताला धरून हलवलं. “आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या. थांबू नका.” आणि घरी आली.

दीर जेवत होता. नवरा त्याला वाढत होता. सासूबाई दाराशी बसल्या होत्या.

“तुम्ही ते पाणी अंगात टोचलंत?”

दिरानं घास गिळला. “उकळलेलंच होतं ना? मावशींचं अंगच नाजूक.”

“दंड फुटायला आलाय त्यांचा!”

“मग तुमच्याच हातून काही राहिलं असेल, वहिनी. बुचं नीट उकळली नसतील. कुणी विचारलं तर तेवढंच सांगा. घरातल्या बाईची चूक म्हटलं की लोक सोडून देतात. माझं काम जाईल हो, नाहीतर.”

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. “अहो, कागद तुम्ही छापलात. तुम्हाला माहीत होतं.”

त्याची नजर ताटावरून हलली नाही. “तो म्हणतो तसं सांग. काय बिघडतंय तुझं?”

“झाकली मूठ सव्वा लाखाची,” सासूबाई म्हणाल्या. “घरचं घरात राहू दे, पोरी.”

पंधरा वर्षांत त्यांनी तिला ‘पोरी’ अशी पहिल्यांदाच हाक मारली होती. थोरलीनं निवलेल्या बाटल्या टोपलीत भरल्या, वर फडकं टाकलं आणि उंबरा ओलांडला. मागून नवऱ्याचा आवाज आला, “गेलीस तर परत येऊ नकोस!” ती वळली नाही.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एक बाटली उजेडात धरली. पाणी आरशासारखं होतं.

“दहा शिट्ट्या देत होते,” थोरली म्हणाली.

“उकळलेलं पाणी पोटाला चालतं, बाई. पोटाच्या दारावर पहारा असतो. सुई पहारा चुकवून आत शिरते. नितळ दिसलं म्हणजे त्यात जंतू नाहीत असं होत नाही. टोचायच्या पाण्याला बंद खोल्या लागतात, यंत्रं लागतात, दर खेपेची तपासणी लागते. आणि बुचं कशी वाळवायचात?”

“फुंकून.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “बाटल्या आणल्यात हे बरं केलंत. आत कुठला जंतू आहे ते कळलं तर नेमकं औषध देता येईल. हात वाचवायला बघू.”

मावशींचा दंड चिरून पू काढला होता. शुद्धीवर आल्या तेव्हा थोरलीनं सगळं सांगितलं, फुंकरीसकट.

“तुझ्या घरातलं पाणी म्हणाला, म्हणून तर मी हात पुढं केला गं,” मावशी म्हणाल्या आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

डॉक्टरीणबाईंनी कळवल्यावर आलेला पोलीस बाहेर बाकावर थोरलीचा जबाब लिहून घेत होता. त्यानं वाचून दाखवलं, “घरातील महिलेकडून चुकून...”

“चुकून खोडा,” थोरली म्हणाली.

“अहो, तुमच्याच भल्यासाठी लिहिलंय, ताई.”

“आजवर सगळे माझ्या भल्याचंच बोलत आलेत. खोडा ते. मी न विचारता केलं. दिरानं आणि नवऱ्यानं जाणूनबुजून केलं. दोन्ही वेगवेगळं लिहा. चुकून कुणीच केलेलं नाही.”