पुंजाराम थांबा

वाळूजमधल्या बजाजनगरच्या वळणावर पुंजारामने चहाची टपरी टाकली तेव्हा तिथं कुत्रंही थांबत नव्हतं. पुढं कारखान्यातली पोरं थांबायला लागली, मग रिक्षा, मग आमची बस. थांब्याला नाव टपरीवाल्याचंच पडलं. मागच्या वस्तीलाही लोक 'पुंजाराम' म्हणू लागले. टपरीवर विकायला ठेवलेल्या काळ्या मसाल्याच्या पुड्यांवर तेच नाव छापलं. मसाला करायची मात्र त्याची बायको, साळूबाई.

मी त्या मार्गावर कंडक्टर होतो. एकदा जुन्या मोंढ्याच्या बाजारातून मिरच्यांचं पोतं घेऊन साळूबाई चढली. एरवी सोबतची सून थांब्याचं नाव सांगून तिकीट काढायची, त्या दिवशी ती एकटीच होती.

"कुठं, मावशी?"

"टपरीपाशी."

"टपऱ्या लई हायत. नाव सांगा."

मला सगळं ठाऊक होतं, पण खोडी काढायची संधी मी सोडत नसतो. नवऱ्याचं नाव तिनं लग्नापासून तोंडातून काढलं नव्हतं.

"तुमाला ठावं हाय की, भाऊ!"

तिकीट मी फाडलं, पण बजावलं, "नाव घेतल्याशिवाय गाडी थांबायची नाय."

मिरच्यांनी अख्खी गाडी शिंकत होती, हसत होती, पण नाव कोणी सांगेना. वळण आलं तरी फकिरा ड्रायव्हरने वेग कमी केला नाही. पुढचा थांबा पार कारखान्यांपलीकडं. तिथून पोतं घेऊन माघारी यायचं म्हणजे जीव जाणार. बाई रडकुंडीला आली. मलाच वाईट वाटलं. घंटीच्या दोरीला हात घातला, तोच ती उठली आणि डोक्यावरचा पदर सावरून खणखणीत आवाजात म्हणाली,

"चुलीवर मसाला, खाली लागली धग,
पुंजारामरावांचं नाव घेते, गाडी थांबवा मग!"

फकिराने करकचून ब्रेक मारला. गाडीत टाळ्या, शिट्ट्या.

पोतं उतरवायला पुंजाराम धावत आला. मी झालेलं सांगितलं, तर त्याचा चेहराच पडला.

"सारं वाळूज माझं नाव घेतं. हिनं एकदा घेतलं, अन् मलाच ऐकू नाय आलं!"

साळूबाई तोवर तोंडाला पदर लावून टपरीमागं पसार झाली होती.

पुढच्या आठवड्यात पुंजारामने कधी नव्हे ती टपरी बंद ठेवली. मोंढ्यात बायकोबरोबर गाडीत चढला, इस्त्रीचा सदरा घालून, तिच्या शेजारी कान टवकारून बसला. सगळ्या गाडीनं माना वळवल्या. मी घसा खाकरला.

"कुठं, मावशी?"

साळूबाईनं नवऱ्याकडं बोट दाखवलं.

"हे उतरतील तिथं."