लाखातले दोन डबे

रोज अडीचशे वाती वळून झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, असा माझा नेम होता. आमचे हे, म्हणजे रेणुकादास, फौजी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून बसऱ्याला गेले, त्याच आठवड्यात मी तो धरला. लाख वाती पुऱ्या करायच्या, त्रिपुरी पौर्णिमेला नांदेडच्या घाटावर लावायच्या, आणि देवानं त्यांना धडधाकट माघारी आणायचं, एवढंच मागणं. देवाच्या कामात उणं राहू नये म्हणून मी वाती दोनदा मोजत असे.

लढाई म्हणे लांब कुठं तरी चालली होती. पण तिनं आमच्या गल्लीत एकेक घर गाठलं. आधी रॉकेल गेलं, मग काड्यापेटी, मग साखर, मग लुगडी. मग पुरुष. आणि एक दिवस बाजारातून कापूससुद्धा गेला. मी रिकामा पाट मांडून बसले, तेव्हा शेजारची कमरुन्निसा भिंतीवरून म्हणाली, "गोदा, आमच्या इथं कापसाचे डोंगर हैत. चल की."

ती सरकी काढायच्या एका जुन्या जिनाच्या गोदामात कामाला जायची. तिचा ताहेर ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर होता. गोदामात तीसेक बाया बसून फौजी दवाखान्यांसाठी जखम पुसायच्या कापसाच्या गोळ्या वळत. मुकादम होती देगलूरकडची सिद्धम्मा. तिनं मला एक गोळी वळायला लावली, बोटं बघितली आणि म्हणाली, "अय्यो, ही तर वातीवाली! हिला पुढं बसवा."

घरी वादळ झालं. आमचे भाऊजी वसंतराव तहसिलीत कारकून. ते माझ्याशी थेट बोलत नसत. मी समोर असले तरी आईला सांगायचे.

"आई, आपल्या घरातली बाई गोदामात बसणार? लोक काय म्हणतील?"

सासूबाई, केवळाबाई, जपमाळ न थांबवता म्हणाल्या, "तिथं नेमाला कापूस मिळून राहिला. तू आणून दे कंट्रोलच्या दुकानातून, मग ती न्हाई जाणार."

भाऊजींना कापूस काही मिळाला नाही. शेवटी त्यांनी आईला, म्हणजे मला, सांगितलं, "ठीक. लाख वाती पुऱ्या होईपर्यंत. त्रिपुरीला उद्यापन झालं की दुसऱ्या दिवसापासून घर."

मी मान हलवली. तेव्हा तो सौदा मला स्वस्त वाटला होता.

पण खरं सांगते, देवाला आवडो न आवडो: मला मोठ्यानं हसता येतं हे एकतिसाव्या वर्षी मला त्या गोदामात कळलं. दिवसभर बोटं चालायची आणि त्याहून जास्त तोंडं. कमरुन्निसा सासूची नक्कल करायची, सिद्धम्मा कानडीत शिव्या द्यायची आणि अर्थ विचारला की आशीर्वाद होता म्हणायची. संध्याकाळी केसांत कापूस घेऊन आम्ही घरी जायचो तेव्हा तिशीतच पिकल्यासारख्या दिसायचो. पावसाळा सरला, कार्तिक लागला, लाख जवळ आला, तसं मला आनंद व्हायला पाहिजे होता. तर मी वाती सावकाश वळू लागले. मग स्वतःचीच लाज वाटली. त्यांच्या जिवासाठी धरलेला नेम, आणि मी हात राखते? देवापुढं नाक घासलं आणि पुन्हा भरभर वळू लागले. चतुर्दशीच्या सकाळी लाख पुरे झाले.

दहा डबे, डब्यात दहा हजार. डबे गोदामातलेच, पत्र्याचे. घरी उंदरांचा सुळसुळाट, म्हणून तुपात भिजवायचं काम गोदामातच केलं. वर्षभर चमचा चमचा बाजूला काढलेलं तूप बायांनी हसत खिदळत वातींवर शिंपडलं. ओळखू यावेत म्हणून मी माझ्या दहाही डब्यांना लाल-पिवळा नाडा बांधला, कुंकू लावलं, आणि दाराशी ठेवून घरी आले. पहाटे लातूरच्या रेल्वेला माल घेऊन कमरुन्निसाचा भाऊ पाशामियाँ लॉरी काढणार होता. जाता जाता माझे दहा डबे घाटावर उतरवणार होता.

पौर्णिमेच्या सकाळी अंघोळ करून घाटावर गेले. गुंडप्पा गुरव डब्यांपाशी बसलेच होते. नाडे होते, कुंकू होतं. संकल्पाचं पाणी हातात घेतलं आणि पहिला डबा उघडला.

गुंडप्पांनी आत बोट घातलं. "बाई, ह्या कसल्या वाती? ह्यांना शेंडाच न्हाई."

गोळ्या! दहाही डब्यांत पांढऱ्याशुभ्र, कोरड्या, दवाखान्याच्या गोळ्या.

हातातलं पाणी तसंच सांडून मी गोदामात पळाले. सिद्धम्मा दारातच पान लावत होती.

"नाडे? हो तर! तू बांधलेस, मला लई बरं वाटलं. म्हटलं, आपली पोरंच हैत ना तिकडं जखमी. मग मी सगळ्याच डब्यांना बांधले. चाळीस डबे! कुंकू पण लावलं." मग माझं तोंड बघून तिचं पान हातातच राहिलं. "का गं?"

माझ्या लाख वाती फौजेला निघाल्या होत्या. दिवस मावळायच्या आत त्या घाटावर लागल्या नाहीत, तर नेम मोडला. मला बसरा दिसू लागला, वाळू दिसू लागली, आणि वाळूत त्यांचा चष्मा.

"रडू नको," कमरुन्निसा बुरखा चढवत म्हणाली. "पाशाभाईची सासुरवाडी कंधारला हाय. तिथं जेवल्याबगर तो पुढं जातच न्हाई. आठची मोटार धरू. डबे बदलू, माघारच्या मोटारीनं येऊ."

"आपण दोघीच?"

"न्हाई, वसंतरावांना घेऊ संगं!"

आणि आम्ही हसायला लागलो. घाटावर माझा नेम मोडायला आला होता आणि मी पोट धरून हसत होते. देव मला क्षमा करो.

सिद्धम्मानं दहा डबे डोक्यावर, काखेत, जमेल तसे मोटारीवर चढवून दिले. मी तुपाचा गडू पदराखाली धरला, कमरुन्निसानं अर्धापूरच्या केळ्यांचा अर्धा घड. उपासाला चालतात आणि सालीत असतात म्हणून विटाळाचा प्रश्न नाही, हे तिनंच ठरवलं होतं.

त्या दिवसांत पेट्रोल फौजेला जायचं आणि मोटारी कोळशाच्या धुरावर चालायच्या. मागं एक उंच बंब, त्यात कोळसा, बाजूला हातानं फिरवायचा पंखा. सपाटीला मोटार चालायची. चढ आला की ती दम टाकायची, आणि उतारू उतरून ढकलायचे. पहिल्या चढाला पुरुष उतरले. दुसऱ्या चढाला ड्रायव्हर मलप्पानं मागं वळून बघितलं. "बायांनी पण उतरावं. वजन हाय."

आम्ही उतरलो, आणि नुसतं उभं राहणं कमरुन्निसाला कधी जमलंच नाही. तिनं मोटारीला खांदा लावला.

"अगं, कुणी बघेल!"

"मला कोण बघतं? बुरख्यात मी पण असू शकते, हैद्राबादची बेगम पण असू शकते. तोंड तुझं उघडं हाय. ओढ पदर आणि ढकल!"

मी ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा मी काही तरी ढकललं आणि ते हललं.

तिसऱ्या चढाला बंब विझला तो विझलाच. मलप्पा कपाळाला हात लावून बसला. क्लीनर फौजेत गेलेला, रॉकेल नाही, काड्या तीनच.

"एका तासाची निश्चिंती," तो म्हणाला.

मी बंबाभोवती एक फेरी मारली. राख तोंडाशी साचलेली होती.

"बाई, हात लावू नका. हे इंजिन हाय."

"आत कोळसा हाय?"

"हाय."

"खालून वारा लागतो?"

"लागतो."

"धूर वरून जातो?"

"जातो."

"मग दादा, ही चूल हाय. व्हा बाजूला."

राख काढली. मोठे कोळसे वर, बारीक खाली. एका डब्यातून मूठभर गोळ्या घेतल्या, गडूतल्या तुपात बुडवून तळाशी ठेवल्या. फौजेच्या गोळ्या आहेत हे मनात आलं, पण मूठभरच होत्या आणि संध्याकाळी भरून देईन असं मनाशी कबूल केलं. एकाच काडीत पेटल्या. कमरुन्निसानं पंखा असा फिरवला की बुरख्याला पंख फुटल्यासारखे दिसू लागले. बंब भडकला, मोटार फुरफुरली, उतारूंनी टाळ्या पिटल्या. मलप्पा म्हणाला, "बाई, उद्यापासून येता का क्लीनर म्हणून?" कंधार येईपर्यंत सगळी मोटार मला "क्लीनरबाई" म्हणत होती आणि मी चक्क ओ देत होते.

कंधारला पाशामियाँची लॉरी सासऱ्याच्या दारात उभी होती. तो जेवून, ढेकर देऊन, बाजेवर पडला होता.

"आपा? तुम्ही इथं?" तो धडपडून उठला. "आज गाडी उडून आली बघा! रोज बाराला पोचतो, आज दहालाच. अल्लाची मेहेरबानी."

कमरुन्निसानं डोळे बारीक केले. "कशानं उडाली?"

"बंब विझला लोह्यापाशी. म्हटलं, एका डब्यातला चिमूटभर कापूस घ्यावा पेटवायला. उघडतो तर काय, तुपात भिजलेल्या वाती! म्हटलं, सरकारनं आता ही बी सोय केली. एक मूठ टाकली की बंब असा भडकायचा..."

"किती मुठी?"

त्यानं लॉरीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग जमिनीकडं.

"दोन डबे," तो म्हणाला.

वीस हजार. ऐंशी दिवसांच्या पहाटा. संकल्पाचं पाणी न सोडता, लॉरीच्या बंबात. मी लॉरीच्या पायरीवर बसले. रडू येईल म्हणून वाट बघत होते. पाशामियाँ दोन्ही कान धरून उभा होता, त्याची सासू आतून त्याच्या नावानं ओरडत होती.

कमरुन्निसा शेजारी येऊन बसली. घडातलं एक केळं तोडून, न सोलता माझ्या हातात दिलं.

"गोदा, त्या वाती जळल्या कशात?"

"बंबात."

"बंबानं काय ओढलं?"

"माल."

"माल कुणाकडं चालला? तुझ्या मियाँसारख्यांकडं न् माझ्या ताहेरसारख्यांकडं. मग देवाकडं न्हाई गेल्या, असं कसं म्हणतेस?"

मी केळं सोलून खाल्लं. तेव्हा कुठं ते ध्यानात आलं, हळूच, पहिली वात धरते तसं. लाख पुरे नव्हते. आणि लाख पुरे नव्हते, तर...

"काय झालं? हसतेस कायकू?"

"काही न्हाई," मी म्हणाले. "डबे बदल लवकर. माघारची मोटार सुटेल."

घाटावर पोचलो तेव्हा सूर्य बुडायला टेकला होता आणि आमची तोंडं कोळशानं माखली होती. गोदामातल्या सगळ्या बाया जमल्या होत्या. सासूबाई पायरीवर, आणि त्यांच्यामागं हाताची घडी घालून भाऊजी.

मी सगळं सांगितलं. दोन डबे, बंब, मोटार ढकलली तेसुद्धा. देवाच्या घाटावर खोटं कशाला?

गुंडप्पांनी डोकं खाजवलं. "बाई, ऐंशी हजाराला लाख म्हणता येणार न्हाई. नेमात खंड पडला की पहिल्यापासून."

"मला ठाऊक हाय," मी खाली मान घालून म्हणाले. मान खाली घालणं फार गरजेचं होतं.

मग ऐंशी हजार वातींचं काय करायचं? सासूबाईंनीच डबा उघडला. "ज्याचं त्याचं माणूस लढाईवर गेलंय ना? घ्या गं मूठ मूठ." सिद्धम्मानं आपल्या फौजेतल्या भाच्यासाठी लावल्या. कमरुन्निसानं ओंजळभर दर्ग्यावर न्यायला पदरात बांधल्या. घाट पायरीपायरीनं पेटत खाली नदीपर्यंत गेला, आणि त्या उजेडात आमची काळी तोंडं बघून बाया अशा हसल्या, की गुंडप्पांचे मंत्र दोनदा चुकले. मी माझ्या मुठीतली शेवटची वात लावताना त्यांचं नाव घेतलं. चष्मा सांभाळा, म्हटलं. मी परत पहिल्यापासून वळते.

भाऊजी आईला म्हणाले, "आई, म्हणजे आता पुन्हा लाख?"

"मग? माझ्या पोराच्या जिवाचा नेम अर्धा सोडायचा?"

"किती दिवस?"

"रोजचे अडीचशे. चारशे दिवस."

"आणि कापूस?"

"तू आणतोस?"

भाऊजी नदीकडं बघू लागले. मग म्हणाले, "आणि त्याआधी लढाई संपली तर?"

"लढाईचं मला काय इचारतोस? मी वातीचं सांगून राहिले."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाट मांडला आणि एकपासून मोजायला सुरुवात केली. अडीचशे झाल्यावर पाणी प्यायले, पदर खोचला, आणि दाराशी आले, तर सासूबाई नवं लुगडं नेसून, जपमाळ कनवटीला लावून, आधीच उंबऱ्यात उभ्या होत्या.

"गोदे," त्या इकडं तिकडं बघत हळूच म्हणाल्या, "त्या कमरुन्निसाच्या शेजारी आणखी एक जागा हाय का गं?"