लेंगच्या घरामागचं भुयार

माझा धाकटा दीर लेंग सेंट पॉलच्या मांसाच्या कारखान्यात थंडगार खोलीत उभा राहून राहून कंटाळला होता. ओक्लाहोमात, लाओसच्या डोंगरांतून अमेरिकेत आलेली आपली ह्मोंग माणसं कोंबड्या पाळतायत, जमीन स्वतःची, वर साहेब नाही, असं त्यानं एका लग्नाच्या पंगतीत ऐकलं आणि ते त्याच्या डोक्यातून गेलंच नाही. आमच्यात म्हातारी माणसं धाकट्या मुलाकडे राहतात. लेंग निघाला म्हणजे सासूबाईही निघणार.

त्याची बायको पाकू मात्र अडून बसली. तिकडे टोर्नेडोची वादळं येतात, आणि माझ्या दोन पोरी लहान आहेत, एवढंच तिचं म्हणणं होतं. शेवटी दोघं जागा बघायला गेली. विकणारा गोरा म्हातारा म्हणाला, इथे टेकडी आडवी आहे, वादळ वळून जातं, माझ्या जन्मात इथे काही पडलं नाही. त्याची बायको शेजारी उभी होती, ती ओढ्याकडे बघत होती. ते पाकूच्या लक्षात राहिलं. मग ती एकटीच ओढ्यापर्यंत चालत गेली. तिथली जुनी झाडं एका रेषेत, सारख्याच उंचीवर मोडलेली होती आणि मोडल्या जागी नव्या फांद्या फुटल्या होत्या.

"ही कुणी छाटली?" तिनं लेंगला विचारलं.

बर्फानं मोडली असतील, असं तो म्हणाला. पण तिच्याकडे न बघता म्हणाला.

परत आल्यावर त्यांनी फोनवर फोन केले. तिकडे आधी गेलेल्यांपैकी एकानं सांगितलं, दरवर्षी वादळाचा भोंगा वाजतो, आम्ही अंगणात उभे राहून ढग बघतो. दुसऱ्याच्या शेडचं छप्पर गेलं होतं, तरी तो तिथंच होता. इकडे राहिलो तर पाठ मोडेल, तिकडे गेलो तर कदाचित घर, असं लेंग म्हणायचा. सरतेशेवटी पाकूनं एकच अट घातली. आधी जमिनीत भुयार, मग कोंबड्या. लेंगनं शब्द पाळला. घरामागे लोखंडी खोली पुरली, वर जाड दार, आतून अडसर.

सगळ्यांनी उतरून बघितलं. सासूबाई तोंडाशी आल्या, आत वाकून बघितलं आणि मागे फिरल्या.

"कोंबड्यांना घर आणि माणसांना बीळ," त्या म्हणाल्या. "तुमचं तुम्ही शिरा."

पोरी हसल्या. पाकूही हसली. सासूबाई मागे का फिरल्या ते माझ्या नवऱ्याला ठाऊक होतं, आणि तेव्हा फोनवर त्यानं ते लेंगला सांगितलं. लाओसमधून पळताना सासूबाई एका खड्ड्यात पानांखाली लपल्या होत्या. वर शिपाई हिंडत होते. मांडीवरची मुलगी रडू नये म्हणून तिला अफू चाटवली. शिपाई निघून गेले, मुलगी उठली नाही. लेंगचा जन्म त्यानंतरचा, थायलंडच्या छावणीतला. त्या बहिणीचं नावही त्याला माहीत नव्हतं.

मग त्यानं आईला कधी आग्रह केला नाही. भोंगा वाजला की पाकू पोरींना घेऊन खाली उतरायची, लेंग घरात आईजवळ बसायचा. वादळ दुसरीकडे जायचं. असं इतक्या वेळा झालं की तीच रीत पडली. सासूबाई तर चेष्टा करायच्या, "उंदीर आले का वर?"

मग एका मे महिन्यात दुपारी आकाश हिरवट झालं. लेंग शेडमध्ये होता. पाकूनं पोरींना खाली उतरवलं आणि दार धरून उभी राहिली. लेंग पळत आला, पण तिच्याकडे नाही, घराकडे. ओढ्यापलीकडे काळा खांब जमिनीला टेकला होता आणि त्यात झाडं फिरत होती.

"आईला उचलून आण," ती ओरडली.

"तू दार लाव," तो म्हणाला, आणि आत गेला.

ती थांबली. वारा दार हातातून ओढायला लागला. खाली धाकटी तिच्या पायाला मिठी मारून रडत होती. पाकूनं दार ओढलं आणि अडसर घातला.

वर आली तेव्हा घर नव्हतं. न्हाणीचा टब जागेवर होता, त्यावर गादी, आणि गादीखाली सासूबाई जिवंत. खुब्याचं हाड मोडलं होतं. लेंगनं आईला टबात घातलं होतं, वर गादी टाकली होती आणि स्वतः गादीवर पालथा पडला होता. तो कुंपणापाशी सापडला.

अंत्यविधी सेंट पॉललाच केला. वाट दाखवणाऱ्यानं रिवाजाप्रमाणे त्याच्या आत्म्याला एकेका मुक्कामाचं नाव सांगितलं, जिथे जिथे राहिला तिथल्या भूमीचे आभार मानत मागे मागे नेलं. ओक्लाहोमा, मग सेंट पॉल, मग छावणी. सासूबाई चाकाच्या खुर्चीत बसून ऐकत होत्या. छावणीचं नाव आलं तेव्हा त्यांनी पाकूला जवळ बोलावलं. मी मागेच उभी होते.

"दार तू लावलंस?"

"हो, आई."

"बरं केलंस."

पाकू त्यांच्या पायाशी बसली. दोघी रडल्या नाहीत. त्यानंतर सासूबाई कुणाला चेष्टेचा एक शब्द बोलल्याचं मला आठवत नाही. रात्री जेवताना मात्र त्या कधी कधी म्हणायच्या, मी उतरले असते तर. आम्ही त्यांना भात वाढायचो.

पाकू परत तिकडे गेली नाही. मांसाच्या कारखान्यात लागली, लेंगच्याच थंडगार खोलीत. जमीन कॅलिफोर्नियातल्या एका ह्मोंग जोडप्यानं घ्यायचं ठरवलं. त्यातल्या नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी तिच्या स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. तिथं खरंच टोर्नेडो येतो का, त्यानं विचारलं.

"येतो," पाकू म्हणाली. "भुयार आहे, पक्कं आहे. तुमच्या घरात कोण कोण आहे?"

बायको, तीन मुलं आणि वडील, तो म्हणाला.

"वडिलांना घेऊन या आधी. त्यांना आत उतरवून बघा. उतरले नाहीत तर जमीन घेऊ नका."

 मग त्यानं बोअरच्या पाण्याचं विचारलं.