कोकमाचं तेल

पूर्णिमानं अंगठा पुन्हा यंत्रावर दाबला, आणि रेशनच्या त्या मेल्या यंत्रानं पुन्हा नकार दिला.

"पूस की गं नीट," दुकानदार खेकसला.

पुसून काय उमटणार, कपाळ? बोटांच्या टोकांना साल होतीच कुठं! तिनं मूठ मिटली, पण मागं उभ्या जयाबाईंनी पाहिलंच. शेजारच्या जयाबाई. उद्या त्यांची पोरगी आरोही पूर्णिमाबरोबर समुद्राकाठच्या कोळंबीच्या कारखान्यात कामाला निघणार होती.

"काजूचं तेल लागलंय व्हय गं? आमचीबी साल अशीच गेलती काजू फोडताना. येती परत."

आयतंच उत्तर मिळालं.

"व्हय काकी," पूर्णिमा म्हणाली.

कारखान्याच्या मुकादमानं स्पष्ट सांगितलं होतं, एक पोरगी आण, मग तुझ्या सौम्याला सोडतो. धाकट्या बहिणीला तिकडंच अडकवून ठेवलं होतं मुडद्यानं.

जयाबाईंनी तिला घरी ओढत नेलं. चुलीवर पळीत कोकमाचं तेल वितळवलं आणि तिचा हात मांडीवर घेऊन एकेक बोट चोळू लागल्या. आत आरोही गुणगुणत पिशवी भरत होती. आई गेल्यापासून पूर्णिमाचा हात असा कुणी धरला नव्हता. तिला रडूच कोसळलं.

"काकी, काजू न्हवं ह्ये."

जयाबाईंचा हात थांबला.

"बर्फातली कोळंबी सोलून गेलीया साल. दर्यात मोठी गावत न्हाई आता, बारकी पिलंच येत्यात. किलो भरता भरत न्हाई. परदेशी गिऱ्हाईक तपासाय आलं की हातमोजे देत्यात, त्ये गेलं की काढून घेत्यात. गेटाबाहेर सोडत न्हाईत."

"आन् सौम्या?"

"आरोही आली तरच सुटंल."

 जयाबाईंनी पूर्णिमाचा दुसरा हात ओढून घेतला, तोही चोळला, आणि आत हाक मारली.

"आरोही, पिशवी सोड. तू जायाची न्हाईस."

सकाळी मुकादमाचा टेम्पो येऊन उभा राहिला. बहिणीला तिथं एकटीला कसं टाकायचं? पूर्णिमा एकटीच निघाली. जयाबाई दारातनं लगबगीनं आल्या, पण त्यांनी तिच्याकडं मान वर करून बघितलं नाही. कोकमाच्या तेलाचा घट्ट गोळा त्यांनी विळीवर मधोमध कापून आणला होता. दोन्ही तुकडे त्यांनी पूर्णिमाच्या ओटीत घातले.

"एक सौम्याचा," त्या म्हणाल्या.