उजवी खाच

आमच्या साहेबांना आम्ही त्यांच्यामागे अनुभवसाहेब म्हणतो. दुकान स्वयंपाकघरं बनवून देण्याचं, पण नव्या माणसाला साहेब पहिल्याच दिवशी बजावतात की आपण ओटे आणि कपाटं विकत नाही, अनुभव विकतो. मी इथे विक्री बघते. माझा अनुभव असा, की गिऱ्हाईक ड्रॉवर ओढून बघतं, नाक मुरडतं आणि मग भाव पाडून मागतं. पण साहेबांनी एक दिवस नमुन्याची सगळी स्वयंपाकघरं उचलून फेकली, रिकाम्या हॉलमध्ये करडा गालिचा अंथरला आणि टेबलावर एक हेडसेट आणून ठेवला. तो डोळ्यांवर चढवला की गिऱ्हाइकाला आपलं अजून न झालेलं स्वयंपाकघर समोर दिसतं. त्यात हिंडता येतं, हाताने कपाट इकडचं तिकडे सरकवता येतं. बाहेरून बघणाऱ्याला मात्र एक चांगला शहाणासुरता माणूस हवेतली दारं उघडताना दिसतो. सुरुवातीला मी तोंडात रुमाल कोंबून उभी असायचे.

हेडसेट ठेवायला काळं डॉकिंग स्टँड आहे, त्याला दोन खाचा. डाव्या खाचेत ठेवला तर तो नुसता चार्ज होतो. उजव्या खाचेत ठेवला तर चार्जही होतो आणि आतलं डिझाइन थेट कारखान्यात जातं, लाकूड कापायला. गिऱ्हाइकाची सही घेणं साहेबांनी बंदच केलं. हातात पेन आलं की माणूस विचार करायला लागतो, वस्तू जागच्या जागी ठेवताना कोणी विचार करत नाही, असं त्यांचं शास्त्र. म्हणून नियम असा, की पसंत पडलं तर गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने हेडसेट उजव्या खाचेत ठेवायचा. वरचा कॅमेरा ते टिपून घेतो, हिरवा दिवा लागतो, की झाली मंजुरी. एका गृहस्थांनी चुकून तसं केलं, तेव्हा साहेबांनी त्यांचं अभिनंदन केलं होतं.

तर अशा या दुकानात एके दुपारी काकू आल्या. माझ्या नात्यातल्या नव्हेत, पण पन्नाशी ओलांडलेल्या गिऱ्हाइकाला मी काकूच म्हणते. त्यांना खोलीची मापं तोंडपाठ होती. खोली जरा लहानच वाटली, मागच्या बाजूला एक खिडकी. मी मापं भरली, ओटा, शेगडी, बेसिन मांडून दिलं आणि हेडसेट त्यांच्या डोळ्यांवर चढवला. त्यांनी खिडकीसमोरची शेगडी तेवढी काढायला सांगितली आणि उद्या येते म्हणून गेल्या.

त्या खरंच दुसऱ्या दिवशी आल्या. मग रोजच यायला लागल्या. एक दिवस बेसिन काढलं, एक दिवस ओटा, एकदा वरची कपाटं. त्यानंतर बदलायला काही उरलंच नाही, तरी येतच राहिल्या. हेडसेट चढवायच्या आणि आमच्या स्टुलावर बसायच्या. गिऱ्हाईक जे बघतं ते आम्हाला भिंतीवरच्या पडद्यावर दिसतं. पडद्यावर नुसती खिडकी असायची, आणि तीही हलायची नाही. निघताना त्या हेडसेट न चुकता डाव्या खाचेत ठेवायच्या. मला वैताग आला. हे गिऱ्हाईक आहे की भाडेकरू, तेच कळेना.

शेवटी मी विचारलंच, "काकू, स्वयंपाकघर करताय ना? मग शेगडी कुठे लावायची?"

त्यांनी हेडसेट काढला नाही. तशाच बसून म्हणाल्या, "शेगडी आहे घरी. लग्न झाल्यापासून तिच्यासमोर उभीच आहे मी. मला बसायला जागा हवीय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. घरात काका आणि दोन घोडे, म्हणजे कमावते मुलगे. काकू कुठेही टेकल्या की कोणाला तरी मोजे सापडत नाहीत. अंघोळीला गेल्या तरी दार वाजतं आणि टॉवेल कुठे म्हणून विचारणा होते. त्यांना एक खुर्ची, एक खिडकी, पुस्तकांना एक फळी आणि आतून कडी लागणारं दार हवं होतं. नवं स्वयंपाकघर म्हटल्यावर घरचे एका पायावर तयार झाले. स्वतःसाठी खोली मागितली असती तर डॉक्टरकडे नेलं असतं, असं काकू अगदी शांतपणे म्हणाल्या. माझा वैताग कुठल्या कुठे पळाला. मी खुर्ची ठेवली, फळी लावली, दाराला आतून जाडजूड कडी बसवली. हेडसेटमध्ये कडी बसवायला असा कितीसा वेळ लागतो? खऱ्या घरात बसवायची तर पैसे काकांचे, म्हणून मंजुरीही त्यांचीच हवी होती आणि ती कशी मिळणार, हे काकूंनाही माहीत नव्हतं.

इकडे साहेबांना रोज येऊन काहीच न घेणारं गिऱ्हाईक सलायला लागलं. त्यांनी परस्पर फोन करून काकांना बोलावून घेतलं. काका सरकारी निरीक्षक. गावभरचे कारखाने तपासायचे आणि लोकांच्या चुका काढायच्या, हीच त्यांची नोकरी. आल्या आल्या त्यांनी आमच्या दाराची बिजागरी तपासली आणि गालिच्याची एक शिवण उसवली असल्याचं मला दाखवून दिलं. त्यांच्या मागे काकू पर्स छातीशी धरून उभ्या होत्या. ह्या माणसाने हेडसेटमधल्या खोलीत पाऊल टाकलं की संपलंच सगळं, असं मी धरून चालले.

साहेबांनी दोन्ही खाचा समजावून सांगितल्या आणि काकांना हेडसेट चढवला. काकांनी तपासणी सुरू केली. फळीची उंची बघितली. खिडकीतून ऊन कुठून येणार ते विचारलं. हवेत वाकून खुर्चीचे पाय न्याहाळले. कडी मात्र त्यांना मनापासून आवडली, हल्ली असं भक्कम काम बघायला मिळत नाही म्हणाले. पडद्यावर खुर्ची, फळी, खिडकी आणि दार, बास. पाण्याचा नळसुद्धा नव्हता. साहेब पडद्याकडे बघून मान डोलवत होते. काय मोकळेपणा आहे, म्हणाले. मी एकदा साहेबांकडे बघितलं, एकदा काकांकडे. दोघांनाही काही खटकत नव्हतं. स्वयंपाकघरात काय असतं, हे त्यांनी कधी मान वर करून बघितलेलंच नव्हतं.

काकांनी हेडसेट काढला, केस नीट केले आणि स्टँडपाशी गेले.

"काय गं, ठेवू उजवीकडे?"

काकूंनी छातीशी धरलेली पर्स खांद्याला लावली. "तुम्ही नीट बघितलंत ना?"

"अगं, माझं कामच बघण्याचं आहे."

"मग ठेवा."

हिरवा दिवा लागला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मी घाईघाईने रुमाल काढून तोंडात कोंबला.

माल तयार झाला तेव्हा बसवणाऱ्यांबरोबर मीही गेले. काकांनी टेम्पोत डोकावून ओटा मागून येतोय का विचारलं. नाही म्हटल्यावर शेगडीचं विचारलं. मग त्यांचा आवाज चढला, फसवणूक, तक्रार, परवाना रद्द, सगळं झालं. मी साहेबांना फोन लावून दिला. साहेबांनी लगेच कॅमेऱ्याचं चित्रण पाठवलं. त्यात काका स्वतः कडीची तारीफ करत होते आणि स्वतःच्या हाताने हेडसेट उजव्या खाचेत ठेवत होते. लोकांना त्यांच्याच सहीवर पकडणारा माणूस, आता स्वतःच्या हाताला काय म्हणणार?

मापं जुन्या स्वयंपाकघराची नव्हतीच. ती होती मागच्या खोलीची, जिथे काकांची व्यायामाची सायकल टॉवेल वाळत घालायला उभी होती. दोन्ही मुलांनी मुकाट्याने ती उचलून बाहेर काढली. संध्याकाळपर्यंत दार, फळी, खुर्ची सगळं बसलं, अगदी हेडसेटमध्ये होतं तसं. काकू माझ्याकडे बघून हसल्या, आत गेल्या आणि कडी लावली.

आम्ही हत्यारं आवरत होतो. काका थोडा वेळ दारासमोर येरझाऱ्या घालत राहिले, मग चहा करायला म्हणून स्वयंपाकघरात गेले. भांडी पडल्याचा आवाज आला. हवेतली कपाटं झोकात उघडणारी माणसं मी पुष्कळ बघितलीत, पण खऱ्या कपाटापुढे इतका हरवलेला माणूस पहिल्यांदाच बघितला. शेवटी ते परत येऊन दारावर टकटक करायला लागले.

"अगं, साखर कुठे आहे?"

आतून पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज आला.

"बघा ना," काकू म्हणाल्या. "तुमचं कामच ते आहे."