मशीनची लेस

गुलाब रामटेके टॅटिंग शिकली ती मोबाइलवरून, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, मुलगी लग्न होऊन बालाघाटला गेली, नवरा देवीदास स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये क्रेनवर. वैशाली नगरच्या घरात दुपार सरता सरत नसे. एकदा व्हिडिओ बघता बघता तिला एका बाईचे हात दिसले. बोटाएवढ्या शटलवर दोरा गुंडाळलेला, आणि त्या शटलनं बाई गाठीमागून गाठ मारत चालली होती. गाठी ओढल्या की त्यांचा गोल होई, गोलाला गोल जोडला की लेस. हेच टॅटिंग. गुलाबला ते फार आवडलं.

गोलांच्या कडेला दोऱ्याचे बारीक फासे मोकळे सोडतात, त्यांना पिको म्हणतात. लेसची सगळी शोभा या पिकोंमध्ये असते आणि सगळी अडचणही तिथंच. ते एकसारख्या मापाचे सोडणं फार थोड्या जणींना साधतं. गुलाबला पाच वर्षं झाली तरी ते साधलं नव्हतं. एक फासा मोठा, एक लहान, एखादा आडवाच पडलेला.

पण तिला बोलता चांगलं यायचं. फेसबुकवर 'गाठीमैत्रिणी' नावाचा ग्रुप होता. रायपूरच्या सोनलनं तो काढला होता, आणि नागपूर, गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग अशा ठिकठिकाणच्या दोन हजार बाया त्यात होत्या. कुणाचा दोरा अडकला, कुणाचा गोल ओढला जाईना, की गुलाब लगेच उत्तर द्यायची. सोनलनं तिला ॲडमिन केलं. घरात देवीदास तिला नुसतं "अवं" म्हणून हाक मारायचा. ग्रुपवर मात्र ती गुलाबताई होती. गुलाबताईंना विचारा, गुलाबताई सांगतील. हे ऐकायची, खरं म्हणजे वाचायची, तिला सवय लागली.

त्या जानेवारीत तिनं टीपॉयवर घालायचा एक गोल रुमाल पूर्ण केला. अडीच महिने लागले होते. फोटो टाकला. संध्याकाळपर्यंत एकतीस जणींनी पसंती दिली.

त्याच संध्याकाळी उन्नती कापगते नावाच्या मुलीनं एक फोटो टाकला. लहान मुलीच्या झबल्याच्या गळ्याला लावायची लेस, वीतभर लांब, काळ्या कापडावर पसरलेली. खाली लिहिलं होतं, 'माझ्या आजीने केली. वय ७१. राहणार जामुल.' दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या फोटोला चारशेवर पसंत्या होत्या. बाया खाली लिहीत होत्या, आजींचे हात धरून पाया पडावंसं वाटतं, आजींना आमच्या गावी पाठवा.

गुलाबनं फोटो मोठा करून पाहिला. पिको एकसारखे. पहिल्यापासून शेवटपर्यंत, जणू मोजून सोडलेले. ती फोटो अजून मोठा करत गेली. उजवीकडून तिसऱ्या फुलात, गोलाच्या बुडाशी, तिला एक जाडसर जागा दिसली. तिथं दोरा संपला होता आणि नवा जोडून त्याचं टोक गाठींमध्ये लपवलं होतं. मशीनच्या लेसमध्ये अशी जागा नसते. ही लेस हातानं केलेली आहे हे गुलाबला कळलं. चांगलं कळलं.

आणि मग तिनं लिहिलं. 'मैत्रिणींनो, सावध. ही लेस मशीनची आहे. पिको नीट बघा. माणसाच्या हातानं असे होत नाहीत. आपल्या ग्रुपवर खोटं चालणार नाही.'

पंधरा मिनिटांत वारं फिरलं. ज्या बाया पाया पडणार होत्या त्याच लिहू लागल्या, मलाही तसंच वाटलं होतं. कुणी हसणारे चेहरे टाकले. कुणी लिहिलं, आजीच्या नावावर वाहवा मिळवायची आजकाल फॅशनच आहे. उन्नतीनं उत्तर दिलं, 'काकू, मैने खुद देखा है, आजी माझ्यासमोर करते.' त्यावर कुणीतरी लिहिलं, आधी आजीला म्हणावं, मला मराठी नीट शिकव. गुलाब ॲडमिन होती. एका बोटानं हे सगळं थांबवू शकली असती. तिनं चहा ठेवला. परत येऊन पाहिलं तेव्हा फोटो नव्हता आणि उन्नतीही ग्रुपवर नव्हती.

सोनलनं तिला वेगळा निरोप पाठवला, 'बरं झालं ताई, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही.' गुलाबनं त्याला हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. त्या रात्री भाजीत मीठ दोनदा पडलं.

तीन आठवडे गेले. एका संध्याकाळी देवीदास ड्यूटीवरून आला आणि खिशातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून तिच्यापुढे धरलं.

"घे. तुह्या कामाचं हाय."

पांढरा हातरुमाल होता. चारी कडांना लेस. गुलाबनं तो हातात घेतला आणि तिच्या बोटांनाच आधी समजलं. तेच पिको.

"कोनं देल्लं?" तिनं विचारलं.

"आमच्या शिफ्टमधला नरेश कापगते नाई का, त्याची माय करते. म्या त्याले सांगतलं का माही बायकोबी हेच करत असते, त दुसऱ्या दिवशी घेऊन आला. जुना ठेवलेला होता म्हने. आता म्हातारी हातच नाई लावत."

"कावून?"

"कोन्या बाईनं इंटरनेटवर बेइज्जती केली म्हने तिची. मशीनची लेस हाय म्हनून. आता मोहल्ल्यातल्या पोरी तिले मशीन आजी म्हनतेत." देवीदासनं बूट काढले. "कशा बाया असतेत पाय. एकाहत्तर वर्साची म्हातारी. काय भेटत असन वं त्याहिले असं करून?"

गुलाब रुमालाकडे बघत राहिली. वर मान करायची तिची हिंमत झाली नाही. तिला वाटलं, आता हा विचारेल, गप कावून बसली? पण देवीदासनं काही विचारलं नाही. तो हातपाय धुवायला गेला. त्याच्या मनात तिच्याविषयी शंकासुद्धा नव्हती, आणि हेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

शनिवारी देवीदास ड्यूटीवर गेल्यावर तिनं जामुलचा ऑटो धरला. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. म्हणायचं, फोटोत नीट दिसलं नाही, चुकून लिहिलं गेलं, माफ करा. सिमेंटच्या पोत्यांचे ट्रक शेजारून जात होते आणि ती ओठातल्या ओठात तेच घोकत होती.

कापगत्यांचं घर विचारत विचारत सापडलं. दोन खोल्या, पुढे ओसरी, वर पत्रे. भागीरथाबाई ओसरीवर सुपात तांदूळ निवडत बसली होती. बारीक बाई, हाताच्या शिरा वर आलेल्या, डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा.

"मी देवीदास रामटेकेची घरवाली," गुलाब म्हणाली. "नरेशभाऊसोबत रेल मिलमधी असतेत."

"अगं बाई! या जी, बसा." म्हातारीनं सूप बाजूला सरकवलं. "रुमाल पसंत पडला का?"

गुलाबनं मान हलवली. भागीरथाबाई उठली, आत जाऊन स्टोव्हवर चहा ठेवून आली. मग स्वतःच बोलत राहिली. गावाकडे मिशनचा दवाखाना होता, तिथं ती मुलगी असताना झाडलोट करायची. एक केरळची सिस्टर होती, ड्यूटी संपली की झाडाखाली लेस करत बसायची. तिनं शिकवलं. शटलही तिनंच दिलं, शिंगाचं, ते अजून आहे.

"पिको एकसारखे कसे काय येतेत तुमचे?" गुलाबनं विचारलं. आपण हे का विचारतोय, तिचं तिलाच कळेना.

"त्यात काय जी. पट्टी लावाची." म्हातारीनं डब्यातून पारदर्शक निळसर पट्टी काढली, बोटाच्या निम्म्या रुंदीची. "मालकाच्या छातीचा फोटू काढला होता, एक्स-रे. त्याची कापली. दोरा पट्टीवरून घेतला का फासा बरोबर तेवढाच."

पट्टी लावून पिको सोडतात हे गुलाबला ठाऊक होतं. व्हिडिओत दहादा पाहिलं होतं. ते किचकट वाटून तिनं सोडून दिलं होतं. माणसाच्या हातानं असे होत नाहीत, हे लिहिताना ती पट्टीसुद्धा तिच्या डोक्यात होती.

"नरेशभाऊनं सांगतलं," ती कशीबशी म्हणाली, मग स्वतःला सावरलं, "आमच्या यांनी सांगतलं, तुमाले कोनी तरी बोललं म्हनून..."

"जाऊ द्या जी." भागीरथाबाईनं हात झटकला. "चुकलं असन त्या बाईचं. फोटूत काय समजते? म्या उन्नतीले तेच म्हनलं, बाईचं चुकलं असन. वाईट त वाटते. सिस्टर म्हने, तुह्या हातात देव हाय. एवढ्या वर्सांत कोनी खोटी नाई म्हनलं मले."

गुलाबसमोर वाट मोकळी झाली होती. म्हातारीनंच करून दिली होती. एवढंच म्हणायचं होतं, हो, मीच ती, चुकलं माझं. म्हातारीनं तिथल्या तिथे माफ केलं असतं, चहात साखर जास्त घातली असती.

"ते बाई मीच हाव," गुलाब म्हणाली.

आतून एक मुलगी दारात आली. हातात कॉलेजचं पुस्तक. "आप गुलाब रामटेके हो? ॲडमिन?"

"हो."

"बरं, त झालं ना," भागीरथाबाई गडबडून म्हणाली. "चुकलं तुमचं. होते कधी कधी. इतक्या दूर आल्या..."

"चुकलं नाई, आजी." गुलाबनं हात पदराखाली घेतले. "मले दिसत होतं. तिसऱ्या फुलापाशी तुमी दोरा जोडला, ते टोक दिसत होतं मले. हातची हाय हे मले पक्कं मालूम होतं. तरी लिवलं."

आत स्टोव्ह फरफरत होता.

"मंग कावून?" म्हातारीनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळलं नव्हतं.

उत्तर इतकं हलकं होतं की ते तोंडातून काढताना गुलाबला जमिनीत जावंसं वाटलं. "तुमच्या लेसले चारशे बायांनी चांगलं म्हनलं. माह्या रुमालाले एकतीस जनींनी."

"इतक्यासाठी?"

"हो. इतक्यासाठीच."

भागीरथाबाईनं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा घातला. उन्नती म्हणाली, "आजीने तीन हफ्ते शटल को छुआ नहीं. मोहल्ले की सब उसको मशीन बोलते हैं. आपको पता भी है?" तिचे डोळे भरले होते, पण आवाज कडक होता.

"तू अंदर जा," म्हातारी म्हणाली. मग ती स्वतः आत गेली, चहाचा कप आणून गुलाबपुढे ठेवला आणि सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "चहा घ्या जी," ती तांदळाकडे बघत म्हणाली. "अन् मग जा तुमी."

गुलाब तो चहा प्यायली. गरम होता, जीभ भाजली, तरी पुरा संपवला, कारण कप तसाच ठेवून उठणं तिला जमेना. जाते म्हणाली तेव्हा म्हातारीनं मान वर केली नाही.

त्याच दुपारी तिनं ग्रुपवर सगळं लिहिलं. काय दिसलं होतं, काय लिहिलं, आणि का. स्वतःचं पूर्ण नाव, भागीरथाबाईंचं पूर्ण नाव. चारशे आणि एकतीससुद्धा. मोबाइल उपडा ठेवून ती भिंतीशी बसली. बाया शिव्या देतील, देऊ देत, असं मनाशी म्हणत होती.

तासाभरानं पाहिलं तर बाया तिची स्तुती करत होत्या. 'केवढं मोठं मन, ताई.' 'चूक कबूल करायला वाघाचं काळीज लागतं.' लाल बदामांचा नुसता पाऊस. आकडा सहाशेच्या वर गेला होता. आजवर तिनं टाकलेल्या कशालाच इतकं मिळालं नव्हतं. भागीरथाबाईंविषयी त्या गर्दीत मोजून चार ओळी होत्या. गुलाबचे कान तापले. तिनं खालची प्रतिक्रियांची जागा बंद केली, सोनलला कळवलं की मला ॲडमिनमधून काढा, आणि कारण विचारायला सोनलचा फोन आला तो उचलला नाही.

देवीदासला सांगणं त्याहून कठीण होतं. तो जेवायला बसला तेव्हा तिनं सांगितलं, उभ्यानंच, ओट्याला पाठ टेकून. त्यानं घास ताटात ठेवला.

"तू होती ते?"

"हो."

बराच वेळ तो बोटांनी भात नुसता सारखा करत राहिला. "म्या नरेशसमोर त्या बाईले काय काय म्हनलं माहीत हाय तुले?" तो म्हणाला. "उद्या त्याच्याच संगं क्रेनवर चढाचं हाय." मग ताट तसंच टाकून उठला. दुसऱ्या दिवशी त्यानंच नरेशला सांगितलं. नरेश काय म्हणाला ते घरी आल्यावर त्यानं गुलाबला सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही. महिनाभर दोघं कामापुरतं बोलत होते.

पुढच्या शनिवारी ती पुन्हा जामुलला गेली. उन्नतीनं दारातच सांगितलं, "आजी सो रही है." आतून म्हातारीचा कुणाशी तरी बोलण्याचा आवाज येत होता. गुलाब बरं म्हणाली आणि परत फिरली. त्यानंतर ती गेली नाही.

होळी झाल्यावर एकदा देवीदास सहज बोलल्यासारखं म्हणाला, "नरेशची माय पुन्हा कराले लागली." उन्नतीनं ती ग्रुपवरची कबुली कुणाकडून तरी मिळवून मोहल्ल्यात घरोघर दाखवली होती. ज्या मुली मशीन आजी म्हणत त्यांच्यातल्याच काही आता शिकायला येत होत्या. गुलाबनं "हो का" म्हटलं आणि पोळी लाटत राहिली. तिला बरं वाटलं. पण हे आपल्यामुळे झालं असं स्वतःला म्हणायचा तिला धीर झाला नाही.

एप्रिलमध्ये एका नातलगाकडे जाताना ऑटो जामुलच्या त्याच गल्लीतून निघाला. ओसरीवर सहा-सात मुली बसल्या होत्या, प्रत्येकीच्या बोटांभोवती दोरा. भागीरथाबाई मधोमध, एकीचा हात हातात घेऊन काही दाखवत होती. पुढे म्हैस आडवी आल्यानं ऑटो थांबला. म्हातारीनं मान वर केली. तिनं गुलाबला ओळखलं, हे गुलाबला कळलं. गुलाबनं हात जोडले. म्हातारी हसली नाही, आणि तिनं तोंडही फिरवलं नाही. क्षणभर नुसतं बघितलं, आणि मग त्या मुलीच्या सुटलेल्या गाठीकडे वळली.

"यहीं उतरना है क्या, आंटी?" ऑटोवाल्यानं विचारलं.

"नाई," गुलाब म्हणाली. "चलो आगे."